पहिली होया कोणती घ्यावी? मुंबईच्या खिडकीसाठी तीन वेली

होया म्हणजे मेणासारख्या फुलांच्या शोभेच्या वेली. त्यांचा नाद लागला की आपण पानांचे फोटो बघत बसतो. त्याआधी आपली खिडकी बघा. ऊन किती वाजता येतं, हवा खेळती आहे का, जुलैत पावसाचा मारा थेट कुंडीवर होतो का? मुलुंडला आमच्या पूर्वेकडच्या ग्रिलमध्ये आठ वर्षं या वेली सांभाळतेय. नव्याने सुरुवात करणारे मला ज्या तीन वेलींबद्दल हमखास विचारतात, त्या म्हणजे प्युबिकॅलिक्स, केरी आणि लिनिअरिस.

माझं मत प्युबिकॅलिक्सला. ती मूळची फिलिपिन्सची, त्यामुळे दमट उकाड्याचं तिला काही वाटत नाही. लांबट, जाड पानं आणि त्यांवर चांदीचे शिंतोडे. सकाळचं दोन तास ऊन मिळालं की झपाट्याने वाढते. माझी वेल एका पावसाळ्यात ग्रिलच्या वरच्या पट्टीला पोचली. फुलं मात्र तिसऱ्या वर्षी आली. मेणाच्या बटणांसारख्या कळ्यांचा गुच्छ, आणि उमलल्यावर प्रत्येक जांभळट चांदणीच्या मधोमध आणखी एक इवलीशी चांदणी. दिवसा वास जाणवतही नाही. रात्री जेवणं आटोपेपर्यंत खोली भरून जाते. फुलांत मधाचे थेंब साचतात, त्यामुळे मुंग्या येणारच. फुलं गळल्यावर उरलेला देठ कापू नका, पुढचे गुच्छ त्याच देठावर येतात.

केरी म्हणजे बदामाच्या आकाराच्या पानांची. थायलंड आणि आसपासच्या देशांतली ही वेल. आर्थर केर या वनस्पतिसंग्राहकाचं नाव तिला 1911 मध्ये मिळालं. फेब्रुवारीत तिचं एकेक पान कुंडीत रोवून विकतात, आणि फसगत होते ती तिथेच. पानासोबत खोडाचं पेर नसेल तर खाली मुळं धरतात, पान हिरवंगार राहतं, पण वेल फुटत नाही. असं एक पान मी तीन वर्षं आशेने जपलं. दोन-तीन पेरांची फांदी असलेलं रोप मिळालं तरच केरी घ्या. वाढ अतिशय संथ, पण पानांत पाणी साठवते, त्यामुळे आठवडाभर गावी जाणाऱ्यांना सोयीची.

लिनिअरिस दिसायला तिघींत सगळ्यात देखणी. बारीक, मऊ, लवदार पानांच्या झिपऱ्या कुंडीतून खाली सुटतात. पण ती हिमालयातली. तिला रात्री गारवा लागतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात रात्रीसुद्धा घाम निथळतो. मी दोनदा आणली, दोन्ही वेळा मेपर्यंत गेली. मुंबईत नको.

सह्याद्रीतल्या झाडांवरही होया आहे, वायटी नावाची. ती रानातच राहू द्या.

माती तिघींनाही साधी चालत नाही. या वेली मूळच्या झाडांवर वाढणाऱ्या, मुळांना हवा हवी. मी नारळाच्या सोडणाचे तुकडे, परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे) आणि थोडं गांडूळखत घालते. पावसाळ्यात कुंडी आत घेऊन मिश्रण वाळल्यावरच पाणी. पेरांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. ओल्या कापडाने लगेच पुसा. रुईच्याच कुळातली वेल, तोडली की दुधाळ चीक येतो, तो डोळ्यांपासून लांब ठेवा.

कुणाकडून प्युबिकॅलिक्सची फांदी मिळणार असेल तर जूनमध्ये मागा. पावसाळी हवेत पेराला मुळं लवकर फुटतात.