घरचं जवसाचं जेल: कुरळ्या केसांवर अनेक महिने वापरून

आधी निकाल सांगते. घरी उकळलेलं जवसाचं जेल चांगलं आहे, पण त्याचं जेवढं कौतुक होतं त्यातलं निम्मं श्रेय पाण्याचं आहे. कित्येक महिने स्टायलिंगसाठी मुख्यतः हेच वापरतेय, त्यामुळे त्याचे गुण आणि खोड्या दोन्ही पाठ झाल्यात.

माझे केस कसे आहेत ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला अंदाज यायचा नाही. आंद्रे वॉकर या हेअरस्टायलिस्टने केलेल्या वर्गीकरणात ते ३ए आणि ३बी यांच्या मध्ये कुठेतरी बसतात (३ म्हणजे कुरळे; ए सैल वळणांचे, बी त्याहून घट्ट). वरचा थर सैल, मानेजवळ घट्ट बटा. तार बारीक, केस दाट. तसा हा आकडा फार मनावर घेऊ नका. तार बारीक की जाड आणि केस पाणी किती लवकर पितात, यावर जास्त अवलंबून असतं. (पेल्यात केस टाकून तो तरंगतो का बघायची चाचणी मात्र सोडून द्या. केसावर तेलाचा अंश असला तरी तो तरंगतो.)

कृती सोपी आहे. पाव कप अख्खे जवस, दोन कप पाणी, मध्यम आच. ढवळत राहायचं, नाहीतर बिया तळाला बसतात. सालीतला चिकट पदार्थ गरम पाण्यात सुटतो आणि पाणी दाट होऊ लागतं. चमच्यावरून पडताना तार धरली की गॅस बंद. इथे आणखी दोन मिनिटांचा मोह आवरायचा, कारण निवताना ते अजून घट्ट होतं आणि मग गाळणीतून काही केल्या उतरत नाही. गरम असतानाच गाळा. मी जुना, स्वच्छ धुतलेला पातळ नायलॉनचा मोजा वापरते आणि चिमट्याने पिळते.

टिकण्याच्या बाबतीत हे जेल अगदीच नाजूक. त्यात प्रिझर्व्हेटिव्ह नसतो, म्हणून फ्रिजमध्ये आठवडाभर, फार तर थोडं जास्त. आंबट वास आला किंवा पातळ झालं की सरळ फेकायचं, टाळूवर प्रयोग नकोत. यावर उपाय म्हणजे बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवणं. न्हायच्या आधी हवे तेवढे क्यूब बाहेर काढून ठेवायचे.

आता खरी गोष्ट, लावण्याची. केस ज्या प्रथिनाचे बनतात त्या केराटिनच्या साखळ्यांमधले हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात आणि वाळताना पुन्हा जुळतात. म्हणजे केस ज्या आकारात वाळेल तोच आकार धरून बसतो. म्हणून गुंता काढायचा तो कंडिशनर केसांत असतानाच, बोटांनी किंवा मोठ्या दातांच्या कंगव्याने, टोकांकडून वर. नंतर पाणी ठिबकत असतानाच जेल लावायचं आणि केस मुठीत धरून टाळूकडे दाबायचे. पचपच आवाज आला तर पाणी पुरेसं आहे. टॉवेलने खसाखसा पुसलेल्या केसांवर हेच जेल लावलं तर बटा सुट्या सुट्या होऊन पिंजारतात; जेल तेच, डोकं मात्र ओळखू येत नाही. जास्तीचं पाणी जुन्या सुती टी-शर्टने टिपायचं आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. हे शेवटचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात अवघड. वाळल्यावर बटा कडक लागतात, घाबरू नका. तळव्यांवर तेलाचा एक थेंब चोळून केस पुन्हा मुठीत दाबले की कडकपणा मोडतो, आकार राहतो.

तक्रारी? पहिली, पकड मध्यम आहे. दमट हवेत दुपारपर्यंत वरचा थर फुगतोच. विकतच्या जेलमध्ये केसांवर पापुद्रा धरणारे पीव्हीपीसारखे पॉलिमर असतात, त्यांची बरोबरी हे करत नाही. दिवसभर बाहेर असेन तेव्हा वरच्या थरावर विकतचं साधं जेल थोडंसं लावते. दुसरी, प्रमाण जास्त झालं की पांढरे कण दिसतात, आणि गडद कपड्यांवर ते कोंड्यासारखे शोभतात! ग्लिसरीन घालायचा सल्ला खूप मिळतो. मी घालत नाही. ते हवेतली ओल धरतं, त्यामुळे दमट दिवशी केस उलट आणखी फुगतात.

या जेलने वाचलेले पैसे मी कंडिशनरवर घालवते, कारण कुरळ्या केसांत टाळूचं तेल वळणांमुळे टोकांपर्यंत नीट पोचत नाही आणि टोकं कोरडी राहतात. महागडाच हवा असं नाही, भरपूर वापरता येईल असा हवा. शाम्पूतलं फेस करणारं सल्फेट आणि कंडिशनरमधलं केस गुळगुळीत करणारं सिलिकोन यांच्या नावाने जो बागुलबुवा उभा केलाय तो मला पटत नाही. केस चिकट, निर्जीव वाटू लागले की साध्या शाम्पूने एकदा धुते, लगेच हलके होतात. खायच्या सोड्याने धुण्याचा घरगुती सल्ला मात्र स्वस्त असला तरी नको. त्याचा पीएच (आम्ल-अल्कली मोजायचं माप) ८ च्या वर, म्हणजे अल्कली, आणि टाळूचा साधारण ५.५, म्हणजे किंचित आम्ल; दोघांचं जमत नाही.

इस्त्रीने भाजलेल्या सरळ टोकांवर जेल लावून बटा परत येतील ही आशा ठेवू नका. तो भाग कापावाच लागतो, आणि केस महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. तोवर ती टोकं ओली असतानाच बोटावर गुंडाळून वाळू दिली तर बाकीच्या केसांत बऱ्यापैकी खपून जातात.