मुळांना चिकटलेली साल

डिसेंबरात व्हॉट्सअ‍ॅपवरच्या झाडवेड्यांच्या एका गटात फोटो आला: आंब्याच्या फांदीवर पांढऱ्या फुलांचा घोस. डेंड्रोबियम बार्बाटुलम, आपल्या सह्याद्रीतली छोटी आमरी, म्हणजे ऑर्किड. विकणाऱ्याने लिहिलं होतं, ‘टिश्यू कल्चर, आमच्याच नर्सरीतली, फुलावर येणारी रोपं.’ टिश्यू कल्चर म्हणजे प्रयोगशाळेत, बाटलीत वाढवलेली. साडेचारशेला एक. मी चार घेतली, अठराशे आधीच पाठवले.

खोक्यातून निघाल्या बिनपानांच्या सुरकुतलेल्या कांड्या. विचारलं तर म्हणे, ‘ताई, थंडीने पानं झडली, रोज पाणी द्या.’ दिलं. महिन्याभरात तीन रोपं कुजून गेली.

खरं तर ही आमरी पानझडी झाडांवर राहते. पावसाळ्यात कांड्यांत पाणी साठवते, कोरड्या दिवसांत पानं टाकते आणि जानेवारी ते मार्चच्या सुमारास त्या उघड्या कांड्यांवरच फुलते. त्या काळात रोज पाणी म्हणजे तिचा जीव घेणंच. हे विकणाऱ्याला ठाऊक नव्हतं, तर वाढवली कुणी?

मग उरलेलं रोप नीट पाहिलं. मुळं एका बाजूने चपटी, टोकं तुटलेली, त्यांना झाडाची साल आणि वाळकं दगडफूल चिकटलेलं. प्रयोगशाळेतल्या बाटलीत जन्मलेल्या रोपाला झाडाची साल कुठून चिकटणार! शिवाय आमरीचं बी धुळीसारखं बारीक, त्यात अंकुरासाठी शिदोरीच नसते. रानात बुरशी मदत करते, प्रयोगशाळेत पोषक माध्यम. तिथून फुलापर्यंत यायला काही वर्षं जातात. इतका खटाटोप करून कुणी साडेचारशेला विकेल? हा हिशोब मी पैसे पाठवण्याआधी करायला हवा होता.

त्याला सालीचा फोटो पाठवला. उत्तर आलं, ‘पाणी जास्त झालं तुमचं.’ नंतर नंबर ब्लॉक.

तक्रार करावी म्हटलं, तर ही रोपं बहुधा रानातूनच ओरबाडलेली, आणि राखीव जंगलातून विनापरवाना रोप काढणं भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली गुन्हा. अठराशे रुपयांसाठी रडायला जायचं, आणि बहुधा चोरीचा माल माझ्याच गच्चीत!

उरलेलं रोप सोसायटीतल्या आंब्याला सुतळीने बांधलंय. यंदा फुललं नाही, पण एक कोवळी कांडी आलीय. आता कुणी आमरी विकायला आलं की फुलाचा नाही, मुळांचा फोटो मागते. आतापर्यंत दोघांकडे मागितला. एकानेही पाठवला नाही.