१ टीबीची एसएसडी, तीही निम्म्या भावात

इंदूरच्या राजेंद्र नगरमधल्या एका निवृत्त शिक्षकांच्या लॅपटॉपचं हे प्रकरण. मशीन पाचव्या पिढीच्या आय-थ्रीचं, ४ जीबी रॅम, आत ५४०० आरपीएमची ५०० जीबीची हार्ड डिस्क. अशा मशीनला एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा साठवणारी ड्राइव्ह) बसवणं हा सल्ला शंभर टक्के बरोबर. जुन्या डिस्कचा वेग सेकंदाला १०० एमबीच्या आसपास असतो, तर साटा एसएसडी (जुन्या डिस्कच्याच कनेक्टरला लागणारी) ५०० च्या वर जाते. मुख्य म्हणजे छोट्या-छोट्या फाइली शोधण्यात जाणारा वेळ जवळजवळ संपतो. सल्ला खरा असल्यामुळेच फसवणूक सोपी झाली.

दुकानात त्यांना १ टीबीची एसएसडी दाखवली गेली. कंपनीचं नाव कधी न ऐकलेलं, आणि भाव नामांकित कंपनीच्या ४८० जीबीपेक्षाही कमी. "साहब, ब्रँडेड में तो स्टिकर का पैसा लगता है." वर जुनी हार्ड डिस्क दिली तर आणखी सूट. अर्ध्या तासात विंडोज टाकून लॅपटॉप हातात आला, माय कॉम्प्युटरमध्ये ९३१ जीबी दिसलं, मशीन वीस सेकंदांत सुरू झालं. तक्रारीला जागाच नव्हती.

काही आठवड्यांनी लग्नाचे व्हिडिओ उघडेनात. फाइलचं नाव दिसे, आकार दिसे, पण उघडायला गेलं की एरर. मग एक दिवस विंडोजच सुरू होईना. दुकानदाराने "वायरस आ गया" म्हणून फॉरमॅट केलं, ५०० रुपये घेतले आणि मशीन पुन्हा पळायला लागलं. पुढे तेच चक्र पुन्हा. आत खरी जागा निघाली साधारण १२० जीबीची.

फॉरमॅट केल्यावर सगळं ठीक का होतं, हे समजलं की सगळा डाव उलगडतो. १२० जीबीच्या चिपला '१ टीबी आहे' असं बोलायला कंट्रोलरच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे ड्राइव्ह चालवणाऱ्या चिपमधल्या प्रोग्रॅममध्ये, शिकवलेलं असतं. विंडोज जागा मोजत नाही, ड्राइव्हला विचारतं आणि ती सांगेल ते मान्य करतं. खरी जागा भरेपर्यंत ड्राइव्ह प्रामाणिकपणे चालते. त्यानंतरचा डेटा एकतर कुठेच लिहिला जात नाही, किंवा आधीच्या डेटावर चढवला जातो. फाइलींच्या नावांची यादी वेगळीकडे असते, म्हणून फोल्डरमध्ये सगळं जागेवर दिसतं. ज्या दिवशी विंडोजच्या स्वतःच्या फाइलींवर काहीतरी चढतं, त्या दिवशी मशीन बसतं. फॉरमॅटनंतर ड्राइव्ह रिकामी, म्हणजे पुन्हा १२० जीबीपर्यंत सुखाने चालणार. दोष व्हायरसच्या माथी जातो आणि दुकानदाराला दर खेपेला मजुरी मिळते.

म्हणून 'प्रॉपर्टीज'मध्ये दिसणारा आकडा पुरावा नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो या ड्राइव्हची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधला आकडाही नाही, कारण तोही फर्मवेअरकडूनच येतो. खरी जागा कळायला ड्राइव्ह पूर्ण भरून परत वाचावी लागते. विंडोजवर त्यासाठी एचटूटेस्टडब्ल्यू (H2testw) हे मोफत साधन आहे, लिनक्सवर एफथ्री. रिकाम्या ड्राइव्हवर एचटूटेस्टडब्ल्यू १-१ जीबीच्या फाइली लिहीत जातं आणि नंतर त्या वाचून ताडून पाहतं. शेवटी किती डेटा ठीक आणि किती गेला, ते सांगतं. याला वेळ लागतो. स्वस्त ड्राइव्हचा कॅशे (वेगाने लिहिण्यासाठीची थोडी जागा) संपला की लिहिण्याचा वेग १०० एमबीपर्यंत किंवा त्याखाली घसरतो, तेव्हा ४८० जीबी नुसतं लिहायलाच दीड तास धरा. काउंटरवर एवढं कोणी थांबू देणार नाही. तिथे व्हॅलिड्राइव्ह कामाला येतं: एसएसडी यूएसबी-साटा केबलने जोडायची, ते ड्राइव्हभर ठिकठिकाणी थोडं लिहून-वाचून पाहतं आणि खोटी जागा लाल दाखवतं. फक्त यूएसबीने जोडलेल्या ड्राइव्हवरच चालतं, म्हणून केबल सोबत न्या. घरी आल्यावर पूर्ण चाचणी मात्र कराच, आणि ती विंडोज टाकण्याआधी.

दुकानदारावर उगाच भांडायला जाऊ नये अशाही गोष्टी आहेत. ४८० जीबीची ड्राइव्ह विंडोजमध्ये ४४७ दिसते, २४० ची २२३, ५१२ ची ४७६. हा मोजणीच्या पद्धतीतला फरक, चोरी नव्हे. ड्राइव्ह हलकी लागली, खोका प्लास्टिकचा निघाला, यावरूनही काही ठरत नाही. चांगल्या कंपन्यांच्या स्वस्त साटा ड्राइव्हही तशाच असतात, आणि आतला बोर्ड खोक्याच्या निम्माही नसतो. खोलून पाहायच्या फंदात पडलात तर वॉरंटी गेली.

दुसरा प्रकार ओळखायला जास्त चिवट: नामांकित कंपनीचीच ड्राइव्ह, पण वापरलेली, नवीन म्हणून विकलेली. इथे क्रिस्टलडिस्कइन्फो उपयोगी. 'पॉवर ऑन अवर्स' दोन-चार तास आणि 'पॉवर ऑन काउंट' दहाच्या आत असेल तर ठीक. तास शून्य आणि 'टोटल होस्ट राइट्स' मात्र हजारो जीबी, तर आकडे पुसलेले आहेत. सोनेरी कनेक्टरवर घासल्याच्या रेषा दिसल्या तरी घेऊ नका. ड्राइव्हवरचा सिरियल नंबर, सॉफ्टवेअरमध्ये दिसणारा आणि डब्यावरचा, तिन्ही एकच हवेत. मग तोच नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून वॉरंटी पाहा. सॅमसंगची असेल तर मॅजिशियन हे त्यांचं स्वतःचं सॉफ्टवेअर बनावट ड्राइव्ह ओळखतं.

दुकानदार लॅपटॉप आत नेऊन खोलणार असेल तर नको म्हणा. लॅपटॉप हातात देण्याआधी टास्क मॅनेजरमधल्या मेमरीच्या पानाचा फोटो काढून ठेवा. ८ जीबी रॅम आत जाऊन ४ जीबी बाहेर येण्याचे प्रकार होतात. काम तसं किरकोळ आहे: अडॅप्टर आणि बॅटरी काढायची, झाकण उघडायचं, जुन्या डिस्कची पत्र्याची चौकट सोडवून नव्या ड्राइव्हला लावायची. जुनी डिस्क ९.५ मिमी जाडीची आणि एसएसडी ७ मिमीची असेल तर सोबतचा प्लास्टिकचा स्पेसर लावला नाही की कनेक्टर ढिला पडतो, आणि ड्राइव्ह मध्येच गायब होते. एम.२ खाच (पट्टीसारख्या एसएसडीची जागा) असलेल्या मशीनमध्ये साटा चालते की एनव्हीएमई हा जास्त वेगवान प्रकार, हे मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघूनच घ्या. कित्येकदा चुकीची ड्राइव्ह खाचेत बसते, पण बायोसला, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ प्रोग्रॅमला, दिसत नाही.

आणि विंडोज. लॅपटॉपसोबत मूळ विंडोज १० आली असेल तर तिचं लायसन्स मदरबोर्डशी बांधलेलं असतं. तीच आवृत्ती नव्या ड्राइव्हवर टाकली की इंटरनेट मिळाल्यावर लायसन्स आपोआप लागू होतं, वेगळे पैसे लागत नाहीत. दुकानदार मात्र बरेचदा क्रॅक केलेली, म्हणजे लायसन्स नसलेली, विंडोज प्रो टाकून देतात. रन खिडकीत (विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून) slmgr /xpr टाइप करा. घरच्या लॅपटॉपवर संपण्याची तारीख दिसली तर ती १८० दिवसांची क्रॅक आहे असं समजा. पाचव्या पिढीच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि १० चं नेहमीचं सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं, हेही खर्च करण्याआधी लक्षात घ्या. नुसतं ब्राउझर आणि लिहिणं असेल तर लिनक्स मिंट छान चालतं.

या शिक्षकांचं खरं नुकसान एसएसडीच्या पैशांचं नव्हतंच. जुनी डिस्क सूट म्हणून दिली, तिच्यावरच मूळ फोटो होते, आणि बँकेचे कागदही. जुनी डिस्क कोणत्याही भावाला देऊ नका. यूएसबी खोक्यात घाला, किंवा डीव्हीडी ड्राइव्हच्या जागी कॅडीत (डिस्क बसवायच्या चौकटीत) बसवा (कॅडी ९.५ आणि १२.७ मिमी अशा दोन जाडीच्या मिळतात, मोजून घ्या).

बिल पक्कं हवं, त्यावर ड्राइव्हचं मॉडेल आणि सिरियल नंबर हवा. मध्य प्रदेशातल्या दुकानाचा जीएसटी क्रमांक २३ ने सुरू होतो आणि १५ अक्षरांचा असतो. पोर्टलवर टाकला की दुकानाचं नाव निघतं. 'बिल लोगे तो अठारह परसेंट ऊपर' हे ऐकलं की तिथून उठा. पक्कं बिल आणि एचटूटेस्टडब्ल्यूच्या निकालाचा फोटो असेल तर आधी दुकानाला लेखी कळवा, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर. तिथेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग: ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, तक्रारीची मुदत २ वर्षं. या शिक्षकांकडे होती ती कोऱ्या कागदावरची पावती: 'एसएसडी लगाई', आणि खाली रक्कम.