जिवंत वजनावर मेंढरं घेताय? आधी हा हिशेब वाचा

आखाड जवळ आला की आठवडे बाजारात मेंढराला गिऱ्हाईक वाढतं आणि जिवंत वजनावर सौदे जोरात होतात. अशाच एका सौद्याचा हिशेब इथे आकड्यांसकट मांडतोय. त्यातली बहुतेक मेंढरं चांगली होती, खोट वजनात होती.

माल दख्खनी जातीचा, १० नर आणि 'भाकड' म्हणून दिलेल्या २ मेंढ्या. सरासरी ३० किलो, दर किलोला ४०० रुपये. विकणाऱ्याचा शब्द होता, "माल निम्मा पडतो." रात्रभर चारा बंद ठेवून सकाळी पुन्हा काटा केला, तर सरासरी साडेसव्वीस किलो. १० नरांचं सोललेलं मटण भरलं १२७ किलो. बाजारातल्या ३०० किलोवर हा उतारा (जिवंत वजनातून हाती येणारं मटण) ४२ टक्के होतो, सकाळच्या २६५ किलोवर ४८ टक्के. म्हणजे जनावरं मटणाला ठीकच होती, पैसे मात्र ३५ किलो पोटातल्या ऐवजाचे गेले. निम्म्याच्या हिशेबाने ८०० रुपये किलो पडणारं मटण ९४५ ला पडलं.

ही लबाडी आदल्या रात्री होते. कोंड्यात किंवा पिठात खडे मीठ कालवून चारतात आणि पाणी तोडतात. पहाटे बाजाराला निघताना पाणी दाखवलं की तहानलेलं मेंढरू दोन-तीन लिटर सहज ओढतं. ते पाणी पहिल्या पोटात साठतं आणि काट्यावर मटणाच्या भावाने विकलं जातं. ओळखायचं असं: डाव्या भकाळीवर (बरगड्यांमागच्या खोलगट कुशीवर) मूठ दाबून हलवा, आत पाणी डचमळतं. लेंड्या सुट्या न पडता पातळ पडतात, जनावर सारखं मुततं. असा माल दिसला तर लगेच काटा करू नका. पिठाचा मारा जास्त झाला असेल तर पोटात आम्ल वाढून मेंढरू घरी आणल्यावर दगावतं, हे नुकसान वेगळंच.

लोकर हा दुसरा पडदा. दख्खनीची न कातरलेली लोकर वजनाला फार नसते, पण हाडकं झाकते. म्हणून नजरेवर जाऊ नका. शेवटच्या बरगडीमागे लोकर बाजूला करून अंगठा कण्यावर आणि बोटं कंबरेच्या कडेवर ठेवा. कण्याची टोकं टोचत असतील, बोटं कडेखाली सहज शिरत असतील, तर उतारा कमीच पडणार. पोट मोठं, कंबर सुकलेली, डोळ्याची आतली कड पांढुरकी आणि जबड्याखाली पाणी उतरलेलं, असं मेंढरू जंतांनी पोखरलेलं असतं. ते स्वस्तातही घेऊ नका.

वय दातांवर बघा. पुढचे दात फक्त खालीच असतात. सगळे दुधाचे असतील तर आदत. पहिली जोडी साधारण एक ते दीड वर्षात बदलते, तेव्हा दोन दाती. जुळलेली (सगळे दात बदलून झालेली) म्हातारी मेंढी आदतच्या भावात घेऊ नका. जातीच्या नावालाही भुलू नका. माडग्याळी जातीचं बाकदार नाक पैदाशीच्या नराला भाव देतं, मटणाच्या गिऱ्हाइकाला नाकाचे पैसे मोजायचं काही कारण नाही. लांब पायांचं उंच मेंढरू म्हणजे जास्त मटण, असंही नसतं.

त्या दोन 'भाकड' मेंढ्या गाभण निघाल्या. पशुवैद्यकाने त्या बाजूला काढल्या, आणि ते बरोबरच झालं. २००१ च्या कत्तलखाना नियमांनुसार गाभण जनावर कापता येत नाही. २४,००० रुपये तिथेच अडकले. गाभणपण साधारण पाच महिन्यांचं. शेवटच्या दीड-दोन महिन्यांत उजव्या बाजूला खालून हात लावला तर कोकराची हालचाल लागते, कासही भरू लागते. त्याआधी हाताला नीट कळत नाही. मटणासाठी घेताना मेंढी टाळलेलीच बरी.

काट्याचं थोडक्यात: वैधमापन विभागाचा शिक्का बघा, रिकामा काटा शून्यावर आहे का बघा, पिंजऱ्याचं वजन वेगळं करून वजा करा.

'निम्मा पडतो' या शब्दात मुंडी, पाया, कलेजी, वजडी सगळं धरलेलं असतं. गिऱ्हाईक मात्र नुसतं मटण समजतं. सौदा सोललेल्या वजनावर करणार असाल तरी हा घोळ होतोच. गुर्दा आणि त्याभोवतीची चरबी धरायची की नाही? वजन गरम मालाचं की गार झाल्यावरचं? गार होताना दोन-तीन टक्के घट येते, तेव्हा हेही आधी ठरवा. म्हणून इसार देण्याआधी चिठ्ठीवर एवढं लिहून घ्या: "जिवंत वजन दुसऱ्या दिवशी सकाळी, १२ तास चारा बंद ठेवून, पिंजरा वजा, फक्त नर, उतारा म्हणजे मुंडी, पाया, कातडी, कलेजी, वजडी सोडून."