हॉटेलचे पॉइंट की रोख? फोर्टातलं लॉज सोडून सहारला राहिल्यानंतरचा अनुभव

कार्डाची वार्षिक फी कापल्याचा मेसेज परवा आला आणि घरात पुन्हा तोच विषय निघाला: कार्डावर खर्च करून पॉइंट जमवायचे आणि भाड्याऐवजी ते देऊन हॉटेलात राहायचं, हे हॉटेल-पॉइंटचं प्रकरण चालू ठेवायचं की बंद करायचं? वर्षभराहून जास्त वापर झालाय, तेव्हा लिहून टाकतो. बँकेचं आणि हॉटेलसाखळीचं नाव मुद्दाम देत नाही. एका बिलाचा वाद अजून मिटलेला नाही, आणि दुसरी साखळी फार वेगळी वागली असती असंही मला वाटत नाही. पॉइंट कसे जमतात, ॲप कुठलं, हे सगळं तुम्हाला माहीत असणारच. ते सांगत बसत नाही.

आमचं कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत कास्टिंगचं (ओतीव भागांचं) मशीनिंग आहे. थोडा माल बाहेर जातो, त्यामुळे बॅलार्ड इस्टेटला कस्टम हाऊस, तिथले एजंट, बंदराची कागदपत्रं, अशा कामांना मुंबईला जावं लागतं. रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस पकडायची, सकाळी सीएसएमटीला उतरायचं. वर्षानुवर्षं मुक्काम फोर्टातल्या एकाच लॉजवर. एसी खोली ३,२०० अधिक पाच टक्के कर, म्हणजे ३,३६० रुपये. चादरी धुतलेल्या, गरम पाणी, मॅनेजर ओळखीचा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे चोवीस तासांचा चेकआउट. सकाळी साडेसातला खोली घेतली की दुसऱ्या दिवशी साडेसातपर्यंत ती तुमची. अंघोळ करून दहाला कामावर हजर.

मग कार्ड आलं. डिझेल, टूल इन्सर्ट, कुरिअर, इन्शुरन्स, सगळं त्याच्यावर टाकायला लागलो. (जिथे दुकानदार कार्डासाठी वर दोन टक्के मागतो तिथे सरळ पैसे पाठवायचे. दोन टक्के देऊन पॉइंट घेणं म्हणजे पॉइंट विकत घेणं झालं, तेही महाग.) पॉइंट बरे जमले आणि साहजिकच वाटलं, आता राहू जरा मोठ्या हॉटेलात, तेही फुकट.

इथे पहिली अडचण येते ती जागेची. मुंबईत पॉइंटवाली परदेशी साखळी हॉटेलं बहुतेक सहार (म्हणजे विमानतळाजवळ), अंधेरी, जुहू, पवई आणि बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात). दक्षिण मुंबईत जी मोठी नावं आहेत त्यांत ताज, ओबेरॉय, ट्रायडंट. ताजमध्ये टाटा न्यू ॲपची नाणी (त्यांचे पॉइंट) चालतात, एका नाण्याला एक रुपया, हिशोब स्वच्छ. पण रुपयाला रुपया असेल तर ते नाणं मी पाच आकडी भाड्यावर कशाला घालू, घरच्या किराण्यावर घालीन. त्यामुळे आमचे पॉइंट चालणार ते सहारला, आणि काम फोर्टात. सुरुवातीच्या काळात हे अगदी वैताग होतं. सकाळी सीएसएमटीला उतरून टॅक्सीनं उलटं विमानतळाकडे जायचं, बॅग टाकायची, की पुन्हा त्याच रस्त्यानं खाली यायचं. दोन्हीकडचं टॅक्सीभाडं धरलं तर फोर्टातल्या खोलीचे निम्मे पैसे रस्त्यातच. शिवाय चेकइन दुपारी तीनला. ‘बॅग ठेवून घेतो सर’ असं हसून सांगतात, पण अंघोळीचं काय? एकदा लॉबीच्या टॉयलेटमध्ये तोंड धुऊन, शर्ट बदलून कस्टम हाऊसला गेलोय. पंचतारांकित हॉटेलचा ‘सन्माननीय सदस्य’ आणि दाढी स्टेशनवर.

तेव्हा हा अनुभव लिहिला असता तर दोन ओळींत संपला असता: रोख द्या, फोर्टात राहा.

पण ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो तीन आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली आणि माझं मत निम्मं बदललं. सीएसएमटीला भुयारात उतरायचं ते सरळ सहार रोड नाहीतर विमानतळ टी-टूला वर यायचं. अख्ख्या लाईनचं जास्तीत जास्त तिकीट ७० रुपये. पाऊस असो, कुणाची मिरवणूक असो, वेळ तेवढाच. परतीला हुतात्मा चौक स्टेशनवर बाहेर पडलं की फोर्टातली निम्मी कामं चालत. शहराच्या मध्यभागी राहण्याचा जो फायदा मी लॉजला देत होतो, त्यातला मोठा वाटा या गाडीनं काढून घेतला. सकाळच्या अंघोळीचा प्रश्न मात्र तसाच आहे. तो मेट्रो सोडवणार नाही.

आता नाश्ता. यावर मी जास्त बोलतो असं बायकोचं म्हणणं आहे, पण बोलणारच.

पाहुण्यांकडच्या लग्नाला दोघं मुंबईला गेलो होतो. मुक्काम पॉइंटवर. रिसेप्शनवरच्या मुलानं किल्लीचं कार्ड हातात देताना सांगितलं, ‘ब्रेकफास्ट सात ते साडेदहा, तळमजल्यावर, फक्त रूम नंबर सांगा.’ सकाळी गेलो. दारातल्या बाईंनी यादीत नंबर बघितला, पेनानं खूण केली, ‘एंजॉय’ म्हणाल्या. आत झाकणाच्या भांड्यात पोहे: कडेला कोरडे पडलेले, मध्ये वाफेनं गिच्च, लिंबू नाही, खोबरं नाही, कोथिंबीर नावाला. मी ते खाल्ले. बायकोनं टोस्ट आणि पपई घेतली. चेकआउटला बिल आलं: दोन बुफे, माणशी ९५० अधिक १८ टक्के. म्हणजे १,१२१ एकाचे, २,२४२ दोघांचे. ‘सर, पॉइंटची खोली ईपी असते.’ ईपी म्हणजे नुसती खोली, सीपी म्हणजे नाश्त्यासकट, हे टूरवाल्या कुणालाही ठाऊक असतं. मलाही आहे. प्रश्न एवढाच, की ईपी आहे तर रात्री ‘या नाश्त्याला’ म्हणालात कशाला, आणि सकाळी यादीत खूण कसली केलीत? अर्धा तास उभ्या उभ्या बोलणं झालं. मॅनेजर आले, गोड बोलले, एका माणसाचे पैसे कमी केले. दुसऱ्याचे १,१२१ भरून बाहेर पडलो आणि तेव्हापासून ग्राहक-सेवेला मेल चालू आहेत. उत्तर येतं, आभार मानतात, पुढे काही नाही.

सीएसएमटीसमोर ‘आराम’ आहे, बाजारगेटला ‘पंचम’ची पुरीभाजी आहे. १,१२१ रुपयांत तिथे आमचं अख्खं वऱ्हाड जेवलं असतं.

रागाचं सोडा, या नाश्त्यानं पॉइंटचा सगळा हिशोब बदलतो, आणि हे मला कुठे लिहिलेलं सापडलं नाही. आपल्याकडे मोठ्या हॉटेलचा रोख दर आणि नाश्त्यासकटचा रोख दर यांत फरक फार थोडा असतो. पॉइंटवर मात्र नाश्ता छापील भावानं. उदाहरणच घ्या. आठवड्याच्या मधल्या दिवशी नाश्त्यासकट खोली ८,१०० रुपये, वर १८ टक्के, एकूण ९,५५८. तीच खोली १४,००० पॉइंटला. वरवर भागाकार केला तर एका पॉइंटला ६८ पैसे, वा! पण पॉइंटवर गेलात तर नाश्त्याचे १,१२१ वेगळे. उरले ८,४३७, म्हणजे ६० पैसे. आता ज्यांचा जीएसटी नंबर आहे त्यांनी पुढे वाचा. कामासाठीच्या मुक्कामाचं बिल कंपनीच्या नावानं घेतलं तर खोलीवरच्या कराचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तेवढी रक्कम आपण भरायच्या जीएसटीतून वजा होते. पॉइंटच्या रात्रीचं ना बिल, ना क्रेडिट, ना खर्चाची नोंद. म्हणजे मला ती खोली रोखीत खरं तर ८,१०० लाच पडते. त्यातून १,१२१ गेले, राहिले ६,९७९. पॉइंटला ५० पैसे.

आणि आता खरी मेख. मी रोख पैसे देऊन त्या हॉटेलात राहिलो असतो का? नाही. लॉजवर राहिलो असतो, ३,३६० मध्ये. तर त्या १४,००० पॉइंटांनी माझे वाचवले ३,३६०. पॉइंटला २४ पैसे. बाकीचं सगळं मऊ गादी आणि उंच छताचं कौतुक. ते कुणाला हवं असेल तर जरूर घ्यावं, पण ‘साडेनऊ हजार वाचवले’ असं घरी सांगू नये. मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा बायकोनं लॉजचं भाडं विचारलं.

घरच्या सहलीला, जिथे क्रेडिट मिळत नाही, तिथे कराची एक गोष्ट लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला पाच टक्के, त्याच्यावर गेलं की १८. म्हणजे ७,४०० ची खोली ७,७७० ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. दर दोनशेनं वाढला, खिशातून बाराशे गेले. आणि बघा, इथेही नाश्ताच आडवा येतो: नुसती खोली ७,२०० असते, सीपी घेतला की दर ७,५०० ओलांडतो आणि सगळ्यावर १८ लागतात. अशा वेळी रोखीत ईपी घ्यायचा आणि नाश्ता बाहेर. दर या रेषेच्या अलीकडे असेल तेव्हा पॉइंट अजिबात खर्चू नयेत. रेषेच्या पलीकडे गेला की मग विचार करावा.

साखळी-साखळीत फरक आहे तो थोडक्यात. मॅरियटनं २०२२ पासून ठरलेला तक्ता काढून टाकला. रोख भाडं चढलं की पॉइंटही चढतात, त्यामुळे गर्दीच्या दिवसांत मोठा डल्ला मारता येईल ही आशा फारशी धरू नका. पाच रात्री राहिलात तर चारचेच पॉइंट घेतात, पण मुंबईत पाच रात्री कोण बसतंय. हयातनं हॉटेलांचे वर्ग पाडून छापील तक्ता ठेवलाय, महागड्या दिवसांत तो बरा पडतो. ॲकॉरचं सरळ आहे: २,००० पॉइंटला ४० युरो बिलातून वजा. त्यात पॉइंटची म्हणून वेगळी खोली नसते, तुम्ही रोखीचाच दर निवडता आणि त्यातून कापता. म्हणजे नाश्त्यासकटचा दर घ्या आणि त्यातून वजा करा! माझ्यासारख्या माणसाला हे आधी कळायला हवं होतं. हिल्टनमध्ये सदस्यत्वाचा गोल्ड दर्जा असेल तर अमेरिकेबाहेर नाश्ता मिळतो, पण तो दर्जा मिळवायला जितक्या रात्री लागतात तितक्यांत मी निवृत्त होईन.

एवढं सगळं झाल्यावर एका गोष्टीचं कौतुक मात्र मोकळेपणानं करतो, नाहीतर अन्याय होईल. पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी वाढलं, गाड्यांचं काही खरं नव्हतं. लॉजवाल्याला फोन केला तर ‘ॲडव्हान्स पुढच्या वेळी बघू’. ओळखीचा असूनही. ते ‘पुढच्या वेळी’ अजून यायचंय. पॉइंटचं बुकिंग आदल्या दिवशी ॲपवर रद्द केलं आणि चहा संपेपर्यंत सगळे पॉइंट परत खात्यात. प्रश्न नाही, कारण नाही, कापाकापी नाही. रोखीत स्वस्तातला दर हा बहुतेक परत न मिळणाऱ्या पैशांचा असतो, आणि आमच्या कामात कंटेनर एक दिवस मागे-पुढे झाला की सगळं बदलतं. तेव्हापासून मी पॉइंटवर आधी खोली अडकवून ठेवतो आणि आदल्या दिवशी, शेवटची वेळ बघून, ठरवतो. (मुदत प्रत्येक हॉटेलची वेगळी. कुठे एक दिवस आधी, कुठे तीन. बुकिंगच्या पानावर खाली असते.) काम पक्कं झालं आणि लॉजवर जागा असली की पॉइंट परत, मुक्काम फोर्टात. निम्म्याहून जास्त वेळा असंच होतं.

तर कार्डाचं काय? यंदा फी भरली, आणि कारण लॉजचं नाही, बीकेसीचं आहे. आई-आबांना बहिणीकडे अमेरिकेला जायचंय. एक दिवस बोटांचे ठसे, दुसऱ्या दिवशी वकिलातीत मुलाखत, दोन्ही बीकेसीत. आबांचे गुडघे बघता डोंबिवलीच्या चुलत्यांकडून सकाळच्या लोकलनं त्यांना आणायची माझी हिंमत नाही. त्या दोन दिवसांचा तिथला रोख दर रात्रीला १५,००० अधिक १८ टक्के, म्हणजे १७,७००. पॉइंटमध्ये २२,०००. भागाकार ८० पैशांचा येतो. खरा किती हे मी यावेळी काढलेलं नाही, आणि बायकोनंही विचारलेलं नाही. जिना नाही, गाडीनं पाच मिनिटं, दुपारी मुलाखत झाली की येऊन आडवं व्हायचं. दोन्ही रात्री पॉइंटवर टाकल्या.

नाश्ता धरलेला आहे का, हे यावेळी फोनवर न विचारता मेलवर लेखी विचारलंय. चार माणसांचा. उत्तरात त्यांनी जवळच्या मॉलची माहिती आणि स्पाचं दरपत्रक पाठवलंय.