प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी रेटिना ओपीडी कशी पारखावी: आमचा अनुभव

ह्यांचं किडनी प्रत्यारोपण झाल्यापासून प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या गोळ्या चालू आहेत. त्यामुळे एखादा दवाखाना चांगला की नाही, हे मी तिथे पहिला प्रश्न कोणता विचारतात त्यावरून ठरवते. या रेटिना म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या ओपीडीत केसपेपर काढणाऱ्या मुलीनेच विचारलं, "प्रत्यारोपण, केमो, एचआयव्ही, स्टिरॉइड, यातलं काही आहे का?" टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट ही ह्यांच्या गोळ्यांची नावं ऐकताच तिने कागदावर खूण केली आणि आम्हाला लगेच आत पाठवलं.

ह्यांच्या उजव्या डोळ्यासमोर काळे ठिपके तरंगत होते आणि कडेला थोडं धूसर दिसत होतं. दुखणं नाही, लाली नाही, पाणीही येत नव्हतं. त्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी भिंतीवरची अक्षरं वाचून घेतली होती. शेवटची ओळ वाचता आली, म्हणून "डोळे उत्तम आहेत" असं सांगून आम्हाला परत पाठवलं. त्याचा मला अजूनही राग आहे, कारण अक्षरं वाचतो तो पडद्याचा मधला भाग, आणि सायटोमेगॅलोव्हायरस हा विषाणू पुष्कळदा पडदा कडेकडून खायला लागतो.

इथे बाहुली मोठी करणारे थेंब घातले. ते चांगलेच झोंबतात आणि अर्धा तास बसून राहावं लागतं. मग ह्यांना आडवं झोपवून डॉक्टरबाई कपाळावर दिव्याचं यंत्र लावून, हातात भिंग धरून बघत होत्या. "वर बघा, आता उजव्या खांद्याकडे, आता खाली..." असं करत त्यांनी पडदा चारी बाजूंनी पाहिला. डावा डोळा ठीक वाटत होता, तरी तोही तितक्याच निगुतीने तपासला. शिकाऊ डॉक्टर शेजारी बसून रंगीत पेन्सिलींनी पडद्याचं चित्र काढत होता: रक्तस्राव लाल, पांढुरका भाग पिवळ्या रंगाने. नंतर स्क्रीनवरचा फोटो दाखवला. रक्तवाहिनीच्या कडेने पिवळट-पांढरा पट्टा आणि त्यात रक्ताचे डाग. तो बघून माझे हातपाय गार पडले.

डोळा लाल का झाला नाही, हे मी विचारलं. बाई म्हणाल्या, "लाली आणि दुखणं हे बरंचसं शरीर लढत असल्याचं लक्षण असतं. ह्यांच्यात लढणाऱ्या पेशीच औषधाने दाबल्यात. लक्षणांची वाट बघत बसायचं नाही." एचआयव्ही असलेल्यांमध्ये प्रतिकार करणाऱ्या सीडी-4 पेशी 50 च्या खाली गेल्या की सायटोमेगॅलोव्हायरसचा हाच धोका सगळ्यात जास्त असतो, हेही त्यांनी सांगितलं. नागीण आणि हर्पिसचे विषाणूही अशा माणसांचा पडदा झपाट्याने, कधी काही दिवसांत, जाळू शकतात. म्हणून डोळ्याच्या पुढच्या भागातलं थेंबभर पाणी काढून, विषाणू कोणता ते सांगणाऱ्या पीसीआर तपासणीला पाठवलं. रिपोर्ट यायची वाट न पाहता त्याच दिवशी डोळ्यात गॅनसिक्लोव्हिर या विषाणूविरोधी औषधाचं इंजेक्शन दिलं. त्याआधी पोविडोन आयोडिन या जंतुनाशकाने डोळा धुतला आणि सुई टोचायची जागा छोट्या मापकाने मोजून घेतली. पुढे काय होणार ते दर पायरीला आधी सांगत होते, म्हणून हे शांत राहिले.

गोळ्यांच्या बाबतीत मी या जागेला पैकीच्या पैकी मार्क देईन. व्हॅलगॅनसिक्लोव्हिर या विषाणूविरोधी गोळीची नेहमीची सुरुवात 900 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, 21 दिवस अशी असते. पण ती किडनी नीट चालणाऱ्यांसाठी. बाईंनी स्वतः आमच्या किडनीच्या डॉक्टरांना फोन लावला, किडनी किती चालते ते दाखवणारं क्रिएटिनिन विचारलं आणि मग मात्रा ठरवली. या गोळीने पांढऱ्या पेशी घसरतात, म्हणून रक्ताची तपासणी वारंवार करायला लावली. पेशी खरंच घसरल्या, तेव्हा मायकोफेनोलेट कमी करायचा निर्णय दोघांनी बोलून घेतला. जेवणानंतरच घ्या, गोळी तोडू किंवा कुटू नका, तुटलेल्या गोळीला हात लावू नका, हे फार्मसीतल्या माणसानेही पुन्हा बजावलं.

तक्रार एकच, पण मोठी आहे. बाहेरच्या हॉलमध्ये डोळे आलेले लोक आणि आमच्यासारखे सगळे एकाच बाकावर. डोळे आणणारा ॲडिनोव्हायरस हातांवरून, खुर्चीच्या दांड्यावरून पसरतो आणि पृष्ठभागावर बरेच दिवस टिकतो. आतल्या यंत्राची हनुवटी टेकायची जागा दर माणसानंतर पुसत होते, पण बाहेरच्या बाकाकडे कोणाचं लक्ष नव्हतं. लाल डोळ्यांच्या रुग्णांना वेगळी जागा हवीच. मी तसं लेखी दिलं आहे. दुसरं, डिस्चार्ज कार्डवर निव्वळ आद्याक्षरं असतात. घरच्या माणसाला समजेल असं दोन ओळी लिहायला काय हरकत आहे?

घरी तपासायला चौकटींचा एक कागद दिला. एकेक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे बघायचं, रेघा वाकड्या किंवा गायब दिसल्या तर कळवायचं. "पण हा कागद फक्त मधलं सांगतो, कडेचं नाही. त्यामुळे इथे यायचं चुकवू नका," हेही बजावलं.

ह्यांच्या पडद्याचा तो भाग बरा झाला, पण व्रण राहिला आणि तिथली नजर परत येणार नाही. व्रणाजवळ पडदा पातळ होतो आणि सुटूही शकतो. म्हणून अचानक चमका, ठिपक्यांचा पाऊस किंवा कडेने पडदा ओढल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी या, असं सांगून ओपीडीचा थेट नंबर दिला. एकदा रात्री तो लावला, तर खरंच डॉक्टरने उचलला.

ज्यांच्या घरी प्रत्यारोपणाचा किंवा केमोचा रुग्ण आहे, त्यांनी कुठल्याही रेटिना ओपीडीत चालू औषधांची पूर्ण यादी आणि ताजे रक्ताचे रिपोर्ट घेऊन जावं. डोळा लाल झाला म्हणून घरातले जुने स्टिरॉइडचे थेंब घालू नयेत, कारण बुबुळावर हर्पिस असेल तर ते आगीत तेल ओततात. आणि सोबत कुणीतरी न्यावं, थेंब घातल्यावर काही तास गाडी चालवता येत नाही.