पॅट्रोनी: दोन वर्षं वापरल्यावरचं माझं मत

पोस्टग्रेस या डेटाबेसच्या हाय अव्हेलेबिलिटीचा, म्हणजे एक सर्व्हर पडला तरी डेटाबेस चालू ठेवण्याचा, विषय निघाला की कुणीतरी पॅट्रोनीचं नाव घेतंच, म्हणून आम्हीही बसवलं. त्याआधी आमच्याकडे ऑटोमॅटिक असं काहीच नव्हतं, प्रायमरी (राइट घेणारा मुख्य सर्व्हर) पडला की ज्याचा फोन वाजेल त्याने उठायचं, रेप्लिका (त्याची चालू कॉपी) प्रमोट करायची, म्हणजे तिलाच प्रायमरी बनवायचं, ॲपच्या कॉन्फिगमधे आयपी बदलायचा आणि हे सगळं अर्धवट झोपेत.

पॅट्रोनी हे झलांडोने बनवलेलं, ओपन सोर्स, पायथनमधलं. प्रत्येक पोस्टग्रेसच्या शेजारी एक पॅट्रोनी बसतं आणि लीडर कोण हे ठरवायला बाहेर एटसीडी, म्हणजे सगळ्या नोडची (सर्व्हरची) सामाईक माहिती ठेवणारं छोटं स्टोअर, लागतं (कॉन्सल, झूकीपरही चालतं). तिथे एक लीडर लॉक असतं, ते ज्याच्याकडे तो प्रायमरी. डीफॉल्टला लॉकचं आयुष्य ३० सेकंद, लीडर दर १० सेकंदांनी ते रिन्यू करतो आणि लॉगमधे तेच एक वाक्य लिहीत राहतो, मी अमुक, लॉक माझ्याकडे. रिन्यू नाही झालं तर तो स्वतःहून खाली उतरून रीड ओन्ली होतो. मला सगळ्यात आवडलं ते हेच, कारण आमच्या जुन्या स्क्रिप्टमधे मेलेला नोड परत उठायचा आणि मीच प्रायमरी म्हणून राइट घ्यायला लागायचा, मग दोन्हीकडचा डेटा जुळवत बसा.

टेस्टिंगला पहिल्याच दिवशी तोंडावर आपटलो. पोस्टग्रेसला किल -९ दिला (प्रोसेस तडक मारली) आणि फेलओव्हर, म्हणजे रेप्लिकाने प्रायमरीची जागा घेणं, बघायला सगळे स्क्रीनसमोर जमलो, तर काहीच नाही, पॅट्रोनीने तोच पोस्टग्रेस परत चालू केला. अर्धा तास बग बग करत लॉग चाळले. मग कळलं की प्रोसेस क्रॅश झाली तर ते आधी तिथेच उठवायचा प्रयत्न करतं, त्यासाठी डीफॉल्ट ३०० सेकंद देतं, तेवढं थांबायचं नसेल तर ती सेटिंग शून्य करायची. मग अख्खी व्हीएमच बंद केली तेव्हा लॉक एक्स्पायर व्हायची वाट बघून रेप्लिका प्रमोट झाली. हे ३० सेकंद कमी करायचा मोह होतो, करू नका, नेटवर्कला जरा उचकी लागली तरी फेलओव्हर होईल.

आणि पॅट्रोनीलाच किल -९ दिला तर? पोस्टग्रेस तसाच चालू राहतो, लॉक एक्स्पायर होतं, दुसरीकडे नवा प्रायमरी उभा, म्हणजे झाले की दोन. यासाठी वॉचडॉग आहे, पॅट्रोनी गप्प झालं की तो अख्खं मशीनच रीस्टार्ट करतो, तो सेट करा. एचएप्रॉक्सी (ट्रॅफिक योग्य सर्व्हरकडे पाठवणारं टूल) पॅट्रोनीचा ८००८ पोर्ट तपासून जुन्याकडचं ट्रॅफिक थांबवतं खरं, पण थेट आयपीने जोडलेला एखादा जुना क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) निघतोच कुठूनतरी.

जुना प्रायमरी परत आला की पीजी रिवाइंडने (जुन्याचा वेगळा पडलेला डेटा नव्या प्रायमरीशी जुळवणारं टूल) रेप्लिका म्हणून आपोआप जोडला जातो, हे बघायला लय भारी वाटतं. पण ते कॉन्फिगमधे चालू करावं लागतं आणि पोस्टग्रेसच्या डेटा चेकसम किंवा वॉल लॉग हिंट्स या सेटिंग, दोन्हीपैकी एक आधीपासून ऑन हवं, नसेल तर अख्खी रेप्लिका नव्याने बनवत बसा.

आम्हाला खरा त्रास झाला तो एटसीडीचा आणि चूक शंभर टक्के आमची. सर्व्हर वाचवायला एटसीडी डेटाबेसच्याच डिस्कवर ठेवलं. एटसीडीला प्रत्येक राइट डिस्कवर पक्का झाल्याशिवाय पुढे जाता येत नाही, रात्री रिपोर्टचं जड काम सुरू झालं, डिस्क तुंबली, लॉक वेळेत रिन्यू होईना आणि धडधाकट प्रायमरी खाली उतरला. एटसीडीला वेगळी फास्ट डिस्क आणि कमीत कमी ३ नोड द्याच.

डेटा किती जाऊ शकतो हेही आधी ठरवा. डीफॉल्ट असिंक आहे, म्हणजे प्रायमरी राइट पक्का करताना रेप्लिकासाठी थांबत नाही, रेप्लिका साधारण १ एमबीपेक्षा जास्त मागे असेल तर पॅट्रोनी तिला लीडर करत नाही, पण त्याच्या आतलं गेलं ते गेलं. थांबणारा सिंक्रोनस मोडही आहे, राइट थोडे स्लो होतात, पैशाचे व्यवहार असतील तर तेच बरं.

डिझास्टर रिकव्हरीसाठी मात्र याच्या भरवशावर राहू नका. आमच्या एका भावाने व्हेअर (कुठल्या ओळी ते सांगणारी अट) न लावता डिलीट चालवलं आणि तिन्ही नोडवरून टेबल इमानदारीत रिकामं झालं. वाचवलं ते पीजीबॅकरेस्टच्या बॅकअपने, डिलीटच्या दोन मिनिटं आधीपर्यंत रिस्टोर. दुसऱ्या डेटा सेंटरला आम्ही पॅट्रोनीचा स्टँडबाय क्लस्टर (मुख्य क्लस्टरची राखीव कॉपी) ठेवलाय, तो मुद्दाम हाताने प्रमोट करतो. गिटहबचं २०१८ च्या ऑक्टोबरचं प्रकरण आठवत असेल, तिथे मायएसक्यूएल हा वेगळा डेटाबेस होता आणि टूल दुसरं, पण नेटवर्क फक्त ४३ सेकंद तुटलं, प्रायमरी आपोआप अमेरिकेच्या दुसऱ्या किनाऱ्यावर गेले, दोन्हीकडे वेगवेगळे राइट पडले आणि सगळं पूर्ववत व्हायला २४ तासांच्या वर गेले.

माझ्याकडून ५ पैकी ४. एक गेला तो शिकायला लागणाऱ्या वेळेचा, डॉक्युमेंटेशन पूर्ण आहे पण आधीच सगळं माहीत असलेल्यासाठी लिहिल्यासारखं.

आणि हो, मेंटेनन्सला पॉज दिलं की रिझ्यूम करायला विसरू नका. आम्ही दोन आठवडे पॉजमधेच होतो, म्हणजे ऑटो फेलओव्हर बंद, आणि पॅट्रोनीसीटीएल लिस्ट या क्लस्टरची स्थिती दाखवणाऱ्या कमांडच्या टेबलखाली मेंटेनन्स मोड ऑन अशी एक ओळ रोज दिसत होती, कुणी वाचलीच नाही. आता त्या ओळीवर अलर्ट लावलाय.